दरडोबा

दीक्षा : म्हणजे ग्रुपवर मेसेज टाकलास, आणि झालं?

राजेंद्र : झालं म्हणजे काय गो? शब्द न् शब्द नीट लिहिलाय. वरच्या वाडीच्या सर्व ग्रामस्थांनी दिवस मावळण्यापूर्वी खाली कापडे गावच्या शाळेत यावे, डोंगराला भेगा पडल्या आहेत, जीवितास धोका आहे. खाली माझं नाव, पोलीस पाटील. तहसिलातनं मला फोन आला आणि चहा निवायच्या आत निरोप गेला. सरकारी कामात ह्याच्यापेक्षा जास्त कोण करतो?

दीक्षा : वरच्या वाडीत रेंज येते?

राजेंद्र : पाण्याच्या टाकीवर चढलं की येते.

दीक्षा : ह्या पावसात टाकीवर कोण चढणार?

राजेंद्र : ज्याला जीव प्यारा असेल तो चढेल.

दीक्षा : काका!

राजेंद्र : काका-बिका काय नाय. रजेवर आलीस, खा, पी, झोप काढ. तिकडं परदेशात त्या म्हातारीचं करून करून दमली असशील. गावच्या भानगडीत पडू नको.

दीक्षा : मी सकाळपासून बघतेय तुला. खुर्ची पडवीत आणलीस आणि डोंगराकडे तोंड करून बसलास. जेवलास पण इथंच, ताट मांडीवर घेऊन.

राजेंद्र : पोलीस पाटलानं डोंगर बघायचा नाय तर काय टीव्ही बघायचा? आंबेनळी बंद केलाय सकाळपासून, घाटात माती आलीय. लक्ष ठेवायला नको?

दीक्षा : बघतोयस, की वाट बघतोयस?

राजेंद्र : काय म्हणालीस?

दीक्षा : बघणं वेगळं, वाट बघणं वेगळं. तुझं दुसरं चाललंय असं मला वाटलं. चुकत असेन तर सांग.

राजेंद्र : तू नव्हतीस गेल्या साली. तुझ्या काकीनं फोनवर सगळं गोड करून सांगितलं असेल. मी सांगतो काय झालं ते. ह्याच दिवसांत वर माळाला भेगा पडल्या. माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढी भेग. मी दारोदार फिरलो. एकेकाच्या हातापाया पडलो. अख्खी वरची वाडी खाली आणून शाळेत बसवली. तुझ्या काकीनं आणि आपल्या बौद्धवाडीतल्या बायांनी शाळेच्या मागं चूल मांडली, सगळ्यांना पुरेल एवढा डाळभात शिजवला. आणि दरड?

दीक्षा : पडली नाही.

राजेंद्र : एक दगड घरंगळला नाय! दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं. लोक वर गेले तर रानडुकरांनी तिथल्या कोंडाजीचं भाताचं रोप उकरून टाकलेलं. राखणीला कोण नव्हता ना. त्याचं नुकसान झालं, मी कुठं नाय म्हणतो? पण ग्रामसभेत उठून काय बोलला? म्हणे, ह्याला पाटीलकी मिळाली तेव्हापासून आम्हाला आमच्या घरातनं उठवायची हौस आलीय. सगळे फिदीफिदी हसले. नाव ठेवलं मला, दरडोबा. आता पोरंसोरं पण हाक मारतात. पोलादपूरला एसटीतनं उतरलो की मागनं आवाज, ओ दरडोबा, आली का?

दीक्षा : सॉरी, मला हसू आलं.

राजेंद्र : हस. तूच राहिली होतीस.

दीक्षा : तिकडे सायरन वाजला की आम्ही धावत जाड भिंतींच्या खोलीत जाऊन बसतो. बहुतेक वेळा काही पडत नाही.

राजेंद्र : मग बाहेर येऊन लोक सायरनला शिव्या घालतात काय?

दीक्षा : घालतात की. सणसणीत घालतात. पण पुढच्या वेळी परत आत जातात.

राजेंद्र : तिथली माणसं शहाणी असतील. आणि मी हसण्याचा राग धरून बसलोय असं समजू नको. मला राग हाय तो जेवणाचा. कोंडाजीची आय हाय ना, प्रयागबाई. तुझ्या काकीनं, निशानं स्वतः पत्रावळ वाढून तिच्या पुढ्यात ठेवली. म्हातारी म्हणे, माझा उपास हाय. दुसऱ्या दिवशी पण उपास. आणि आमच्यासमोर बिस्किटं पाण्यात बुडवून खातेय. तिचं बघून आणखी बायांनी पत्रावळी बाजूला सारल्या. तुझी काकी घरी आली. रात्रभर ती मोठी पातेली घासत बसली. मी तेव्हाच ठरवलं, ह्या लोकांसाठी परत डोंगर चढायचा नाय. कायद्यात जेवढं बसतं तेवढं करीन. मेसेज टाकीन.

दीक्षा : योनानं पण तेवढंच केलं होतं.

राजेंद्र : कोण योना?

दीक्षा : हन्नाबाईंच्या पुस्तकातला.

राजेंद्र : हन्नाबाई म्हणजे तुझी ती दिमोना गावची म्हातारी?

दीक्षा : तीच. तिचा बाप इथं दासगावजवळ तेलाचा घाणा चालवायचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवारतेली म्हणायचे त्यांना. यहुदी. सगळं घर तिकडे इस्रायलला गेलं, पण म्हातारीची मराठी माझ्यापेक्षा चोख आहे. मी टेन्शन म्हटलं की म्हणते, मेले, घोर म्हण. तर वर्षातून एक मोठा उपास असतो त्यांचा.

राजेंद्र : तिचा तरी खरा असेल.

दीक्षा : खरा. पाण्याचा थेंब नाही. त्या दिवशी दुपारी त्यांच्या प्रार्थनाघरात योनाची गोष्ट वाचतात. तिला आता चालवत नाही, म्हणून मी घरीच वाचून दाखवते, मराठीतून. योना हा नबी होता. नबी म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा माणूस.

राजेंद्र : म्हणजे देवाचा पोलीस पाटील.

दीक्षा : तसंच धर. देव त्याला म्हणाला, ऊठ, निनवेला जा. निनवे म्हणजे मोठं शहर, आणि तेही वैऱ्यांचं. ह्याच्या लोकांना लुटणारं, छळणारं. त्यांना जाऊन सांग, तुमचं पाप डोक्यावरून गेलंय, आता चाळीस दिवसांत तुमचं शहर पालथं होणार.

राजेंद्र : मी असतो तर नाचत गेलो असतो.

दीक्षा : तो उलट्या दिशेला पळाला. जहाजात बसून. मग वादळ आलं, लोकांनी त्याला समुद्रात टाकलं, एका माशानं त्याला गिळला आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकून टाकला.

राजेंद्र : आपल्या सावित्रीतल्या मगरी एकदा गिळलेलं परत देत नाय गो.

दीक्षा : मासा सोड रे. तो पळाला का, ते ऐक. तो घाबरला नव्हता. त्याला आपल्या देवाचा स्वभाव ठाऊक होता. देव रागावतो मोठा, पण समोरचा रडला की विरघळतो. आपण जाऊन सांगायचं शहर पालथं होणार, ते लोक घाबरून सुधारायचे, देव त्यांना माफ करून मोकळा व्हायचा, आणि आपण पडायचं तोंडघशी.

राजेंद्र : हां. हा माणूस मला पटला. पुढं?

दीक्षा : पुढे गेला शेवटी, कुरकुरत. ते शहर एवढं मोठं की फिरून यायला तीन दिवस लागायचे. हा एक दिवस आत चालला, एक वाक्य बोलला आणि बाहेर पडला. मूळ भाषेत पाचच शब्द आहेत म्हणे, हन्नाबाई बोटांवर मोजून दाखवते. ना कोणाचं दार वाजवलं, ना कोणाचे पाय धरले.

राजेंद्र : कळला टोमणा. मेसेज टाकला त्यानं.

दीक्षा : पण त्या लोकांनी ऐकलं. राजा गादीवरून उतरून राखेत बसला. सगळ्यांनी गोणपाट नेसलं, उपास धरला. गुरांना पण गोणपाट घातलं, त्यांना पण उपाशी ठेवलं. देवानं ते बघितलं आणि शहर वाचवलं.

राजेंद्र : आणि ह्याचा झाला दरडोबा.

दीक्षा : झाला. एवढा चिडला की देवाला म्हणाला, मला मरण दे. शहराच्या बाहेर जाऊन बसून राहिला, शहराकडे तोंड करून. अजून तरी काही होतंय का ते बघत.

राजेंद्र : खुर्ची होती का त्याला?

दीक्षा : विषय बदलू नको. खरं सांग, तुला ती दरड पडायला हवी आहे ना?

राजेंद्र : हवी हाय. बस? तुझ्यापासून काय लपवायचं. माणूस मरू नये एवढं मला कळतं, मी काय राक्षस नाय. पण एकदा पडावी. रिकाम्या घरांवर पडावी. कोंडाजीच्या पडवीत कमरेएवढी माती शिरलेली मला ह्या डोळ्यांनी बघायचीय. मग म्हणू दे मला दरडोबा. एवढासुद्धा न्याय नको का माणसाला?

दीक्षा : रिकाम्या घरांवर.

राजेंद्र : हां, रिकाम्या.

दीक्षा : रिकामी कोण करणार, काका? आता ह्या घडीला तर ती भरलेली आहेत.

राजेंद्र : तुला नर्सिंगला उगाच घातली. वकील करायला पायजे होती.

दीक्षा : उत्तर दे.

राजेंद्र : न्यायाचं तुझ्या त्या नबी लोकांनी काय ठरवलंय, ते आधी सांग. वाईट वागणाऱ्याला शिक्षा नाय, मग न्याय तरी कसला?

दीक्षा : सगळे योनासारखे नव्हते. एक नबी होता, मेंढरं राखणारा. तो श्रीमंतांच्या तोंडावर सांगायचा, तुमचे सण नकोत, गाणीबजावणी नकोत. न्याय वाहता ठेवा, बारमाही नदीसारखा.

राजेंद्र : नदीसारखा? त्याला म्हणावं ये महाडला. सावित्री बाजारात शिरली तेव्हा मोठ्या दुकानात पण शिरली आणि आपल्या राजश्रीच्या खोलीत पण शिरली. कोणाचं पाप बघून शिरली? राजश्रीची शिलाई मशीन गेली, तिनं कोणाचं काय वाईट केलं होतं?

दीक्षा : हेच मी हन्नाबाईला बोलले होते. ती हसली. म्हणाली, कोरड्या मुलखातली माणसं ती. त्यांच्याकडे पाणी आलं म्हणजे जीव वाचला. त्यांना पूर काय माहीत?

राजेंद्र : म्हातारी सरळ बोलते, हे बरं हाय.

दीक्षा : फार सरळ बोलते.

राजेंद्र : मग माझं पण सरळ ऐक. तुझ्या गोष्टीत एक भोक हाय. त्या शहरानं गोणपाट तरी नेसलं. राजा राखेत बसला. वरची वाडी कुठं बसली? कोंडाजी माझ्या दारात येऊन चुकलो म्हणाला? म्हातारीनं निशाच्या हातचा घोटभर चहा घेतला? जे पस्तावले त्यांना देवानं वाचवलं, ठीक हाय. ह्यांना कशासाठी वाचवायचं? आणि आपण देव मानत नाय, ते तर वेगळंच.

दीक्षा : ते पण विचारलं होतं मी. आजी, आमच्यात देव नाही, मग ह्या गोष्टीतून मी काय घ्यायचं?

राजेंद्र : काय म्हणाली?

दीक्षा : म्हणाली, देवाचं मी बघते, तू योनाकडे बघ. आणि एकदा वाचताना माझी मोठी चूक झाली होती, काका. पिवळी पडलेली पानं, बारीक टाइप. तिथं छापलेलं होतं, शहर पालथे होईल. मी वाचलं, शहर पालटेल.

राजेंद्र : उपाशीपोटी खेकसली असेल तुझ्यावर.

दीक्षा : मला पण तसंच वाटलं. मी लगेच म्हटलं, थांबा आजी, चुकलं, पालथे होईल. ती म्हणाली, नको बदलू, परत वाच तसंच. मूळ भाषेत तो शब्द एकच आहे. भांडं पालथं केलं तरी तोच, आणि माणूस आतून पालटला तरी तोच. देवानं योनाला तो शब्द दिला. योनाला त्यात पालथं ऐकू आलं. घडलं ते पालटणं. म्हणजे त्याचं बोलणं खोटं पडलंच नव्हतं. आपण काय बोललो ते त्यालाच कळलं नाही, आणि बसला रुसून.

राजेंद्र : शब्द चांगला हाय. पण वरची वाडी पालथी पण नाय झाली आणि पालटली पण नाय.

दीक्षा : नाही पालटली.

राजेंद्र : मग? त्यावर काय म्हणते तुझी हन्नाबाई?

दीक्षा : ते मी नाही विचारलं. तेव्हा वरची वाडी माझ्या डोक्यात नव्हती.

राजेंद्र : अडलीस ना?

दीक्षा : अडले. पण मी माणसं जाताना बघते काका, कामच आहे माझं. मेलेला माणूस पालटत नाही. होता तसाच कायमचा राहतो. ती म्हातारी आज मातीखाली गेली, तर पाण्यात बिस्किट बुडवणारी प्रयागबाईच तुझ्या डोक्यात जन्मभर बसून राहील. मग तुला तिच्याशी भांडता पण येणार नाही. कोणाशी भांडशील?

राजेंद्र : असलं काय बोलू नको, तिन्हीसांजेला.

दीक्षा : तिन्हीसांज अजून झालेली नाही, म्हणून तर बोलतेय. माझी छत्री कुठे आहे? तू बस खुर्चीत. मी जाते.

राजेंद्र : तू? तुला तिथं ओळखतो कोण? परदेशातनं आलेली पोर सांगतेय म्हणून कोण घरदार सोडील? आणि वाटेतला पऱ्या भरून वाहत असेल. तुला त्या पाण्याचा अंदाज नाय.

दीक्षा : मग कोणाला आहे?

राजेंद्र : ती बॅटरी दे इकडं. माझा रेनकोट कुठं टाकलाय? निशा! अगो निशा! शाळेची चावी कोणाकडं हाय बघ, आणि सतरंज्या टाकून घे. चूल नको पेटवू. नको म्हणतो ना! ते मग बघू.

दीक्षा : मी येते बरोबर.

राजेंद्र : चल. तू खालच्या आळीपासून दारं वाजवत ये. मी माळावरनं भेग बघून सरळ कोंडाजीकडं जातो. तो उठला की वाडी उठते.

(वरची वाडी. कोंडाजीच्या पडवीत राजेंद्र निथळत उभा आहे.)

कोंडाजी : या दरडोबा, या. म्हटलं एवढा पाऊस लागलाय आणि पाटील अजून आला कसा नाय.

राजेंद्र : मेसेज टाकला होता.

कोंडाजी : आम्ही काय मोबाईल चाटत बसतो? काय लिहिलंस?

राजेंद्र : काय लिहिलं ते तुला ठाऊक हाय. शाळेत चला.

कोंडाजी : भेग गेल्या सालचीच हाय ती.

राजेंद्र : आता बघून आलो. गेल्या साली माझा हात जात होता. आता तुझी म्हैस उभी राहील आत. आणि तुमच्या झऱ्याचं पाणी बघितलंस?

कोंडाजी : बघितलं. सकाळपासनं लाल येतंय.

राजेंद्र : डोंगराची माती आतनं सुटून पाणी लाल येतंय आणि तू बिडी ओढत बसलास?

कोंडाजी : मग काय करू? ग्रामसभेत मोठ्या तोंडानं मीच बोललो ना. माझ्या मागनं सगळी वाडी हसली. आता मीच पहिला उठून तुझ्या मागं चालू? वाडी काय म्हणेल मला?

राजेंद्र : मला म्हणतात त्यातलं थोडं तुला म्हणतील. सवय होते.

कोंडाजी : आणि नाय पडली तर?

राजेंद्र : नाय पडली तर बरं.

कोंडाजी : बरं? अरे, तुझी उरलीसुरली अब्रू जाईल.

राजेंद्र : जाऊ दे. शाळेच्या अंगणात उभा राहा आणि दरडोबा दरडोबा म्हणून बोंबल. पण बोंबलायला वाडीतलं एकूण एक माणूस तिथं पायजे. एक जरी कमी असला तर मला ऐकायला बरं वाटणार नाय.

कोंडाजी : प्यालास काय रे?

राजेंद्र : नाय. आणि हे पण तुझ्या कानावर घालतो. दुपारपर्यंत मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो, पडते का बघत. तुझी ही पडवी मातीत जावी असं माझ्या मनात होतं. अजून थोडं हाय. पण तू आत असताना नको.

कोंडाजी : हे माझ्या दारात येऊन माझ्या तोंडावर सांगतोस?

राजेंद्र : तू पण ग्रामसभेत तोंडावरच बोललास. फिटलं. आता ऊठ.

कोंडाजी : मी उठेन रे. पण आये उठत नाय. दुपारपासनं दोनदा सांगून बघितलं. तिला टाकून मी कुठं जाणार? आये, गणूचा राजेंद्र आलाय.

प्रयागबाई : ऐकतेय मी सगळं. बहिरी नाय झाले अजून. मी काय यायची नाय, गणूच्या पोरा.

राजेंद्र : का हो काकी?

प्रयागबाई : मागच्या साली आले होते ना. दोन दिस पोट धरून बसले.

राजेंद्र : उपास होता तुमचा.

प्रयागबाई : कसला उपास? उपास-बिपास काय नव्हता. तुझ्या बायकोच्या हातचं घशाखाली उतरंना. ऐंशी वरसं नाय खाल्लं, ते एका दिसात कसं उतरंल? पोर चांगली हाय ती. तोंड वाकडं केलंन नाय, काय बोलली नाय. पण नाय उतरलं. आता परत तिच्या पुढ्यात बसून पान बाजूला सारू? त्यापरीस मी हितंच बरी.

कोंडाजी : आये, गप बस.

राजेंद्र : बोलू दे त्यांना.

प्रयागबाई : खरं ते बोलले. लबाडी मागच्या साली केली तेवढी पुरे झाली.

राजेंद्र : मग नका खाऊ, काकी.

प्रयागबाई : आं?

राजेंद्र : नका खाऊ. चूल पेटवलेलीच नाय आज. तुमचा तवा घ्या, पीठ घ्या. तुमची नातसून शाळेच्या कोपऱ्यात तुम्हाला भाकर भाजून देईल. जन्मभर नका खाऊ निशाच्या हातचं. मला ते आवडलेलं नाय आणि आवडणार पण नाय. निशा रात्रभर भांडी घासत बसली होती, ते मी मरेपर्यंत विसरणार नाय. पण त्याच्यावर आपण नंतर भांडू, तुम्ही आणि मी, उन्हात बसून. आता खाली चला.

प्रयागबाई : तू रागं भरतोस का समजूत घालतोस, तेच मला कळंना.

राजेंद्र : दोन्ही.

प्रयागबाई : गणू असा नव्हता. गणू हां म्हणायचा आणि वाटेला लागायचा.

राजेंद्र : माझा बाप तुमच्या अंगणाच्या खाली उभा राहायचा, काकी. मी पडवीत उभा हाय. एवढं तरी पालटलं.

प्रयागबाई : पालटलं खरं. मला विचारून नाय पालटलं.

दीक्षा : काका! खालची आळी सगळी निघाली. तिथली कोणी तेजश्री वहिनी पोरांना घेऊन पुढे गेली. पण मधल्या घरातली माणसं दारात उभी आहेत, कोंडाजीकाका निघाले का विचारतायत.

कोंडाजी : सांग त्यांना, निघाला म्हणावं. मी म्हशी सोडतो. पण आयेचं कसं करायचं? हर्नियाचं ऑपरेशन झाल्यापासनं मला वजन उचलायला बंदी हाय. मागच्या साली माझा पोरगा हर्षद होता, त्यानं पाठीवर नेली. आता तो पडला मुंबईला.

राजेंद्र : मी हाय ना.

कोंडाजी : तू?

राजेंद्र : काय बघतोस? पाठ मला पण हाय.

प्रयागबाई : खुर्चीला बांबू लावून नेतात ना रे, तशी न्या.

दीक्षा : खुर्चीला चार माणसं लागतील, आजी, आणि पऱ्याला चौघांना एकदम पाय ठेवायला जागा नाही.

प्रयागबाई : ही कोण?

राजेंद्र : माझ्या भावाची पोर. परदेशात असते, तुमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांचं करते.

दीक्षा : रोज उचलते मी तुमच्याएवढ्यांना. ह्याच्या पाठीवर बसा, मी मागून धरते तुम्हाला. पडू देणार नाही.

प्रयागबाई : पडायचं भ्या नाय मला.

राजेंद्र : ठाऊक हाय. हा बघा, बसलो मी खाली. या.

कोंडाजी : आये, बस गो. म्हशी पुढं गेल्या.

प्रयागबाई : लुगडं ओलं हाय माझं. पागोळी गळते खाटेवर.

राजेंद्र : मी कुठं सुका हाय?

प्रयागबाई : तुझ्या गळ्याला हात घालू?

राजेंद्र : घाला. घट्ट धरा.

प्रयागबाई : धरलंय. तू खाली बघून चाल.